नागपुरात लोक न सांगता घरी येतात : संस्कृती, सवय की निव्वळ आगाऊपणा?

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय घरगुती आहे पण डोक्यातून जात नाहीये.

आम्ही बरीच वर्षं बंगळुरूला होतो, मग मिहानमध्ये (इथल्या विमानतळाजवळचा उद्योग-प्रकल्प) नोकरी मिळाली म्हणून परत आलो. मी इथलाच, बायको बार्शीची, मुलगी सहावीत. तर इथे कोणीही कधीही बेल वाजवतं. लांबचे काका, बाबांच्या ऑफिसातले जुने मित्र, समोरच्या विंगमधल्या काकू, सगळेच. फोन नाही, मेसेज नाही. दार उघडलं की "काही नाही, इकडूनच जाऊन राहिलो होतो, म्हटलं डोकावून जाऊ". आणि हे डोकावणं दीड तास चालतं. मुलगी बेल वाजली की खोलीत पळते आणि दार लावून घेते. बंगळुरूला शेजारचा माणूस लिफ्टमध्ये भेटला की हसायचा, त्याचं नाव मला माहीत नव्हतं, माझं त्याला माहीत नव्हतं, आणि दोघांचंही झकास चाललं होतं.

मला भांडण नाही लावायचं, खरंच समजून घ्यायचंय. एकाच देशातली माणसं, पण दुसऱ्याच्या दारात कसं जावं याबद्दल इतक्या वेगवेगळ्या कल्पना कुठून येतात? आणि त्या इतक्या पक्क्या असतात की बाबांना म्हटलं "लोकांनी फोन करून यावं" तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काही मी घराला तिकीट लावा म्हणतोय.

बर्डीचा_बंड्या
पत्ता टाका भाऊ. रविवारी येतो. फोन नाही करणार.

खमंग_पुडाचीवडी
मी पण. सोबत चार जण आणीन, सांबारवडी तळून ठेवा.

शंका_कुशंका
धाग्यावर कोणी पुण्याच्या पाट्यांचा विनोद टाकला तर मी रिपोर्ट करणार आहे, आधीच सांगून ठेवतो. चालू द्या.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन जिवाले त्रास करून घेऊन राहिले बाप्पा. माणूस येतो म्हणजे त्याले तुमच्याबद्दल काही वाटते म्हणून येतो न. आमी अकोल्याकडचे, आमच्या आज्याच्या घराले दिवसा कडी नसे. आता उलटं पाहा, कोणी आधी फोन करून "घरी आहे का, येऊ का" म्हटलं की आमच्या घरात सगळ्यायचे चेहरे पडतात. कोणी गेलं का? पैसे पायजे का? पोरीचं स्थळ मोडलं का? फोन करून येणारा माणूस काहीतरी काम घेऊनच येतो, आणि न सांगता येणारा निवांत येतो, हा माझा अनुभव.

आणि तुमच्या लिफ्टमधल्या शेजाऱ्याचं म्हणाल तर रात्री दोन वाजता छातीत दुखलं असतं तर कोणाचं दार वाजवलं असतं तुमी? सांगा.

मनीषनगरकर
@वऱ्हाडी_ठेचा, ॲम्ब्युलन्सला फोन केला असता. पण कळला मुद्दा.

गच्चीवरची_खाट
मला वाटतं याचं उत्तर हवामानात आणि घराच्या बांधणीत आहे. नागपूरचा मे आठवा. २३ मे २०१३ ला ४७.९ गेलं होतं, आणि ४४-४५ ला तर आपण बातमीही म्हणत नाही. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं, जे जातं ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून. मग माणसाने माणसाला भेटायचं कधी? सूर्य बुडाल्यावर. आणि भेटायचं कुठे, तर घरात नाहीच, घर तर भट्टी झालेलं असायचं. अंगणात सडा टाकायचा, मातीचा वाफारा निघून गेला की खाटा टाकायच्या, नाहीतर गच्चीवर पाणी मारून गाद्या. सगळी गल्लीच बाहेर. येणारा माणूस तुमच्या "घरी" येतच नव्हता, तो अंगणात येत होता. त्याला काही दिसत नव्हतं, तुम्हाला काही आवरायचं नव्हतं, माठातलं पाणी दिलं की झालं, फार तर कैरीचं पन्हं. म्हणून सांगून यायची गरजच नव्हती.

आता तोच माणूस त्याच सवयीने येतो पण फ्लॅटचं दार उघडलं की थेट हॉल, हॉलमध्ये वाळत घातलेले कपडे, मुलाचा ऑनलाइन क्लास, आणि आतली खोली दिसू नये म्हणून धावत जाऊन लावलेलं दार. लोक बदललेच नाहीत हो. मधलं अंगण गेलं.

बर्डीचा_बंड्या
४७.९ कायचं, २०२४ मध्ये ५६ दाखवलं होतं ना बे मशीनने.

गच्चीवरची_खाट
ती सेन्सरची गडबड होती असं हवामान खात्यानेच सांगितलं. पण तोवर आपल्या लोकांनी मुंबईच्या नातेवाईकांना फोन करून मिरवून घेतलं होतं.

शंका_कुशंका
अंगणाचं पटलं, गरमीचं नाही. गरम तर दिल्ली पण आहे, जैसलमेर पण आहे. सगळं हवामानावर ढकलायचं तर मग माणसाच्या डोक्याला काही कामच उरत नाही. आणि हिवाळ्यात लोक यायचे बंद होतात का? डिसेंबरात तर जास्त येतात, अधिवेशनासाठी आलेला गावाकडचा प्रत्येक कार्यकर्ता कोणाचा ना कोणाचा भाचा निघतो.

मानसी_वाचते
मी मानसशास्त्र शिकलेय म्हणून थोडं अकॅडमिक बोलू का, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी एक गोष्ट. मानसशास्त्राच्या पुस्तकात "माणूस असा वागतो" म्हणून जे लिहिलेलं असतं ते बहुतेक अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कॉलेजच्या पोरापोरींवर प्रयोग करून लिहिलेलं असतं. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी यावर बराच गाजलेला लेख लिहिला, त्यात आकडा दिलाय की मानसशास्त्राच्या अभ्यासांतले ९६ टक्के लोक अशा देशांतले होते जिथे जगातली फक्त १२ टक्के माणसं राहतात. म्हणजे "प्रायव्हसी ही माणसाची मूलभूत गरज" वगैरे जे आपण सहज बोलतो ना, ते कोणत्या माणसाची हे विचारायला हवं.

आता धाग्याशी जवळचं. थॉमस टॅलहेल्म नावाचा संशोधक चीनमध्ये राहिला होता. त्याला दिसलं की दक्षिणेतली माणसं जपून वागतात, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून धडपडतात, आणि उत्तरेतली सरळ बोलतात. यांगत्से नदीच्या उत्तरेला मुख्यतः गहू, दक्षिणेला भात. त्याचं म्हणणं असं की भाताला गव्हाच्या जवळपास दुप्पट मेहनत लागते आणि पाणी एकमेकांशी ठरवून वापरावं लागतं, त्यामुळे भातवाल्यांना शेजाऱ्याशी तोडून राहणं परवडतच नाही. गहू पावसावर येतो, आपलं आपण बघता येतं. २०१४ मध्ये हे छापून आलं. चाचणी मजेशीर होती, तुम्ही पण करा: आगगाडी, बस, रूळ. यातल्या दोन गोष्टी जोडीला लावा. आगगाडी आणि बस लावलीत तर तुम्ही प्रकार बघता, आगगाडी आणि रूळ लावलंत तर संबंध बघता. भातपट्ट्यातली मुलं रूळ जास्त लावत होती. आणि ही सगळी कॉलेजची मुलं होती, बहुतेकांनी आयुष्यात शेतात पाय ठेवला नव्हता.

पुढे २०१८ मध्ये अजून एक केलं. चीनमधल्या शहरांत स्टारबक्समध्ये दोन खुर्च्या मुद्दाम वाटेत जवळजवळ ठेवल्या आणि लोक काय करतात ते नुसतं बघत बसले. गव्हाच्या भागातले लोक खुर्ची सरकवून जायचं प्रमाण जास्त. भाताच्या भागातले अंग चोरून मधून निघून जात, खुर्ची जागच्या जागी. यावर टीकाही झालीये, हे आधीच सांगते. पण काम संपल्यावर, शेत विकल्यावर, शहरात आल्यावरही वागण्याची पद्धत मागे उरते, ही गोष्ट मला @गच्चीवरची_खाट यांच्या अंगणासारखीच वाटते.

खमंग_पुडाचीवडी
मी आगगाडी आणि रूळ. नवऱ्याला विचारलं तर म्हणे "कोणती गाडी, विदर्भ एक्सप्रेस का?" याचं वर्गीकरण कशात करायचं?

मानसी_वाचते
😄 त्याला नागपुरी म्हणतात.

झाडीचा_माणूस
मानसीताई, हे वाचून मी बायकोले बोलावून वाचून दाखवलं. मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचा, तीसेक वर्षं झाली नागपुरात. चीनचं मले माहीत नाही पण भाताचं सांगतो.

पऱ्हे (धानाची रोपं) टाकले, वाढले, मग पाऊस आला आणि बांधीत (बांध घातलेल्या शेतात) पाणी उभं राहिलं की रोवणी (लावणी). ती त्याच थोड्या दिवसांत व्हावी लागते, पऱ्हे जुने झाले की फुटवे कमी येतात. पण पाणी सगळ्यायच्याच बांधीत एकदम उभं राहते, म्हणजे सगळ्यायलेच एकदम माणसं पायजे. पैसे देऊन कुठून आणणार? म्हणून आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. कोण कोणाकडे किती दिवस गेलं हे बाया बरोबर ध्यानात ठेवतात, लिहून नाही ठेवत कोणी. दुसरं पाण्याचं. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरते. वरच्याशी भांडलं की तुमची बांधी कोरडी, आणि तो काही वाईट करून नाही राहिला, तो फक्त पार (बांध) फोडून नाही राहिला, समजलं? आमच्याकडे भांडणं अशी होतात. तोंडाने कोणी काही बोलत नाही.

मामा तलाव तर तुम्हाले माहीत असतीलच, माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले). कोहळी लोकायनं बांधलेले जुने तलाव, भंडाऱ्याले तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. पाणी कधी सोडायचं, कोणाले आधी, हे गावानंच ठरवायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आता कितीतरी तलावात गाळ आणि बेशरमची झाडं आहेत. पण माणसायची सवय गेली नाही.

आणि न सांगता येण्याचं म्हणाल तर तुमी आमच्याकडची मंडई (गावची जत्रा) पाहिली नसंल. भाऊबीज झाली की सुरू. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, मुद्दाम, म्हणजे या गावचे पाहुणे त्या गावाले जाऊ शकतात. दिवसा बाजार, दंडार (लोकनाट्य), आणि रात्री नाटक, ते पहाटपर्यंत. त्या दिवशी घरात किती माणूस जेवन हे कोणालेच माहीत नसते. पाहुण्याचा पाहुणा येतो. सोयरिकीच्या गोष्टी तिथंच निघतात, पोरगं पाहायला वेगळं जावं लागत नाही, नाटकात बसलेलंच असते. आता अशा ठिकाणचा माणूस नागपुरात मनीषनगरला आला आणि तुमच्या घरापुढून जाऊन राहिला, तर त्यानं बेल न वाजवता जावं? त्याले ते जमणारच नाही. तुमच्या घरापुढून गेला आणि आत आला नाही हे तुम्हाले नंतर कळलं तर काय वाटन, याची त्याले चिंता असते.

मनीषनगरकर
@झाडीचा_माणूस हे शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली "म्हणजे ते आमच्यावर उपकार म्हणून येतात?" 🙂 पण खरंच हा अँगल डोक्यात नव्हता.

शंका_कुशंका
एक मिनिट. भातवाले न सांगता येतात कारण भात. मग @वऱ्हाडी_ठेचा अकोल्याचे, म्हणजे कापूस आणि ज्वारी, पावसावरची शेती, तेही न सांगताच येतात. उलट ते तर कडीच लावत नाहीत. थिअरी कुठे गेली?

वऱ्हाडी_ठेचा
कापसाले काय माणूस लागत नाही का? वेचाले येऊन पाहा एकदा.

मानसी_वाचते
बरोबर शंका आहे. या अभ्यासात सरासरीची गोष्ट असते, एका माणसावर किंवा एका घरावर चिकटवायची नसते. आणि नागपूर तर दोन्ही पट्ट्यांच्या मधे बसलंय, पश्चिमेला कापूस, पूर्वेला धान. पण मला दोघांच्या बोलण्यात फरक मात्र दिसला बरं. ठेचाभाऊ म्हणतात "मला यावंसं वाटलं म्हणून आलो". झाडीवाले म्हणतात "न आलो तर तुम्हाला काय वाटेल म्हणून आलो". बेल तीच.

बर्डीचा_बंड्या
आणि मी चहासाठी येतो. माझी शेती नाही.

नंदा_काकू
सगळं वाचलं. अंगण झालं, भात झाला, चीन झालं. आता मी एक विचारते. न सांगता आलेल्या माणसाचा चहा कोण टाकतं?

वर पंधरा-वीस प्रतिसाद झाले, एकालाही हा प्रश्न पडला नाही. माझं लग्न होऊन सक्करदऱ्याला आले तेव्हा घरात सासरे, दोन दीर, आणि आल्या-गेल्याला तोटा नाही. सासऱ्यांचं बाहेरून ठरलेलं वाक्य, "अगं काही करू नकोस, ते जेवूनच आलेत". याचा अर्थ पोहे. मग एका बर्नरवर चहाचं गंज, दुसऱ्यावर कढई, दूध पुरत नाही म्हणून त्यात पाणी, कांदा चिरता चिरता मुलाला पाठीमागच्या दाराने पिटाळायचं शेव आणायला, आणि हे सगळं आवाज न करता, कारण बाहेर ऐकू गेलं तर पाहुण्यांना वाटेल की आपल्यामुळे धावपळ झाली. पाहुणे गेले की सासरे म्हणायचे, "आपल्याकडे माणसांची रीघ असते." असते ना. मी कधी कोणाकडे न सांगता गेले का? सासूबाई गेल्या का? आम्हाला जायचं तर आधी स्वयंपाक करून, झाकून, सांगून. मोकळेपणा सगळा बैठकीत होता, तो आत स्वयंपाकघरात आलाच नाही.

मनीषनगरकर, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

खमंग_पुडाचीवडी
काकू 🙏🙏 हे प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे.

वऱ्हाडी_ठेचा
काकू, आमच्याकडे मी टाकतो चाय.

नंदा_काकू
साखर कुठे ठेवलीय हे न विचारता?

वऱ्हाडी_ठेचा
...डबा बदलला तर सांगायले पायजे न.

निवृत्त_मास्तर
एक गोष्ट कुणी बोलले नाही. नागपूर हे १९५६ पर्यंत राजधानीचे गाव होते, आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची. रायपूर, बिलासपूर, जबलपूर, अमरावती, कुठलाही माणूस कचेरीच्या, कोर्टाच्या, विद्यापीठाच्या कामाला इथेच यायचा. राजधानी गेली पण मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) राहिले. आजही बालाघाट, गडचिरोली, छत्तीसगडकडचा रुग्ण मेडिकललाच येतो. रुग्णाबरोबर दोन माणसे येतात, ती झोपणार कुठे? लॉज परवडत नाही. तर नागपुरात ज्याचे घर आहे त्याचे घर ही धर्मशाळा. आमच्या रामबागेतल्या घरी माझ्या लहानपणी महिन्यातून एखादा तरी डबा मेडिकलला जायचा, कोणासाठी हे कधी कधी आईलाही धड सांगता येत नसे, "अमक्याच्या साल्याचा कोणीतरी".

आणि अगदी साधी बाब. फोन होता कुठे? लँडलाइनला नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ट्रंक कॉल मृत्यूच्या बातमीला. पत्र पोचेपर्यंत पाहुणा येऊन परत गेलेला असे. तेव्हा सांगून यायचे कसे? ज्याला आपण आज आपुलकी म्हणतो त्यातली निम्मी गैरसोय होती.

गच्चीवरची_खाट
मास्तर, म्हणूनच @वऱ्हाडी_ठेचा यांच्या घरी फोन आला की अजून चेहरे पडतात. ट्रंक कॉल गेला पण त्याची भीती उरली.

इंदोऱ्याची_पोर
मास्तरांचं धर्मशाळेचं वाचून लिहावंसं वाटलं. दसऱ्याला आमच्या घरी काय असतं ते सांगते. १४ ऑक्टोबर १९५६, त्या दिवशी दसरा होता, बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, तेव्हा माझी आजी लहान मुलगी होती आणि आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेली होती असं ती सांगायची. तेव्हापासून दरवर्षी घर उघडं. कोण येईल माहीत नसतं. मराठवाड्यातून, मुंबईकडून, कधी पार कर्नाटकातून माणसं येतात, त्यातली नात्याची थोडी. अंगणात सतरंज्या, नळाला रांग, एका मोठ्या गंजात भात, एकात वरण, वांग्याची भाजी. आजी दारात उभी राहायची. समोरचा "जय भीम" म्हणाला की "जय भीम, हातपाय धुऊन घ्या" एवढंच. नाव-गाव जेवण झाल्यावर. एकदा एक कुटुंब दोन दिवस राहून गेलं, गेल्यावर बाबा म्हणाले, "हे कोणाचे होते?" आई म्हणाली, "मला वाटलं तुमचे."

पण दुसरी बाजू पण लिहिते, कारण वर सगळ्यांनी "नागपूर मोकळं, दार उघडं" असं एकदम सगळ्यांच्या नावाने लिहिलंय. याच आजीची एका वाड्यात कामानिमित्त ओळख होती, चांगली माणसं होती, गोड बोलायची. तिला ओसरीवर बसवायची आणि चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप पिऊन झाल्यावर तिनेच विसळून खिडकीत पालथा घालायचा. दाराला कडी नव्हती तिथेही. कडी नसणं आणि आत येता येणं हे सगळ्यांसाठी सारखं नव्हतं.

ओसीडी_नागपूर
वाईटच होतं ते, पण हे फार जुनं झालं हो. आता शहरात कोण पाळतं असलं काही.

इंदोऱ्याची_पोर
कप आता एकच असतो, खरंय. पण पाच मिनिटांत "आडनाव काय म्हणालात?" हे येतं, आणि मी सांगितलं की बोलण्याचा सूर किंचित बदलतो, जास्त गोड होतो. मी लग्नानंतर भाड्याने फ्लॅट शोधत होते तेव्हा फोनवर "या ना, केव्हाही या, आपलंच घर समजा" म्हणणारे आडनाव ऐकल्यावर "कळवतो" म्हणाले. कळवून यायची पद्धत नागपुरात नाही असं कोण म्हणतं.

नंदा_काकू
पोरी, हे वाचून काही लिहिताच येईना. आमच्याकडे ये. साखर कुठे आहे मला माहीत आहे.

जरीपटका_जेठा
थोडा टॉपिक हलका करतो. आम्ही सिंधी, आजोबा फाळणीनंतर आले. आमच्यात घरी कोणी आलं की पाण्यासोबत पापड आलाच पाहिजे, भाजलेला, तेवढा मात्र नियम. पण खरं सांगू का, आमच्याकडे लोक घरी येतच नाहीत, दुकानात येतात. सुखदुःख, लग्नाची बोलणी, भांडण मिटवणं, सगळं काउंटरपाशी, मधेच ग्राहक आला की "एक मिनिट". दुकान सकाळी उघडतं रात्री बंद होतं, म्हणजे न सांगता येण्याचे टायमिंग बोर्डावरच लिहिलेले असतात. मनीषनगरकर, तुम्ही एक दुकान टाका.

बर्डीचा_बंड्या
नाहीतर मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या (पुतळा) काढा न भाऊ. "फोन न करणाऱ्या पाहुण्यांना घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवा इतवारीत, महागाई-भ्रष्टाचाराच्या बडग्यांसोबत जळून जाईल. वर्षभराचं जे तोंडावर बोलता येत नाही ते आपल्याकडे एका दिवशी रस्त्यावर ओरडून बोलतात, हे लय भारी आहे.

शंका_कुशंका
@झाडीचा_माणूस म्हणतात भांडण तोंडाने करत नाही, बंड्या म्हणतो आपण रस्त्यावर ओरडतो. दोघं नागपूरचेच. आता "नागपूरची संस्कृती" या शब्दाचं काय करायचं ते मानसीताईंनी सांगावं.

मानसी_वाचते
काही करायचं नाही, तेच तर. जरीपटका, इंदोरा, सक्करदरा, मनीषनगर, एका शहरबसच्या टप्प्यातली ठिकाणं आहेत आणि वर बघा प्रत्येकाचं दार वेगळं उघडतंय.

बारावी_सायन्स
मी लहान आहे पण बोलते. काकांच्या मुलीबद्दल, ती खोलीत का पळते. माणूस येतो त्याचं काही नसतं हो. आलं की पहिला प्रश्न कितवीत, दुसरा किती टक्के, तिसरा "आमच्या चिन्मयला बघ", मग "गाणं शिकतेस ना, म्हणून दाखव". आणि "किती बारीक झाली". प्रत्येक वेळी, तेच, वेगळ्या माणसाकडून. मी पण पळायचे. एक दूरची आत्या होती ती आली की मला काही विचारायचीच नाही, सरळ म्हणायची, "ये, भेंडी निवडू लाग", आणि स्वतःच्या सासूच्या गंमती सांगत बसायची. तिच्यासाठी मी बाहेर यायचे.

दुसरं म्हणजे आम्ही मित्र-मैत्रिणी एकमेकांना न विचारता साधा कॉलसुद्धा करत नाही. आधी मेसेज "कॉल करू?" मग कॉल. डायरेक्ट कॉल आला की आम्हाला पण वाटतं काय झालं, कोणी गेलं का. म्हणजे ठेचा काकांसारखंच 😅

वऱ्हाडी_ठेचा
शाब्बास पोट्टे! आपलीच आहेस.

मनीषनगरकर
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. @बारावी_सायन्स तुझा प्रतिसाद मुलीला दाखवला. ती म्हणाली "एक्झॅक्टली" आणि परत मोबाइलमध्ये गेली.

मी अजूनही म्हणतो की फोन करून यावं. भाताचं, अंगणाचं, ट्रंक कॉलचं सगळं पटलं, पण कारण समजलं म्हणून मला दीड तास बसवत नाही. नंदाकाकूंचं वाचून मात्र घरात नवीन नियम झालाय, दार मी उघडलं तर चहा माझा. बायको म्हणे मग आता तू दार उघडणारच नाहीस. आणि बाबांशी बोललो या सगळ्यावर. त्यांनी मास्तरांचा प्रतिसाद वाचून सांगितलं की १९८२-८३ कडे आमच्याकडे गोंदियाचा एक मुलगा शिकायला म्हणून आठ दिवसांसाठी आला आणि तीन वर्षं राहिला. मी त्याला सख्खा काका समजत होतो! आत्ता कळतंय की नातंच नव्हतं.

निवृत्त_मास्तर
आमच्याकडे असे दोन होते. एक पुढे तहसीलदार झाला.

ओसीडी_नागपूर
मी अजूनही @मनीषनगरकर यांच्या बाजूने. रात्रपाळी करतो, दुपारी झोपतो, आणि सोसायटीतले एक आजोबा रोज पेपर मागायला बेल वाजवतात. पेपर दाराबाहेर ठेवायला लागलो तर म्हणे "रागावला का?"

नंदा_काकू
त्यांना पेपर नको असतो रे.

ओसीडी_नागपूर
ते माहीत आहे काकू. पण झोप तर हवी ना.

गच्चीवरची_खाट
झोपायच्या आधी दारावर "सहा वाजता चहा" अशी चिठ्ठी लावून बघा. करून बघायला काय जातं.

खमंग_पुडाचीवडी
अवांतर: @झाडीचा_माणूस, मंडईला नागपूरहून यायचं असेल तर कसं? नाटक बघायचंय खरंखुरं, रात्रभराचं. तिकीट आधी काढावं लागतं का?

झाडीचा_माणूस
दिवाळीनंतर कधीही. वडसा गाव गोंदिया-बल्लारशा लाइनवर आहे, नाटक कंपन्यायची ऑफिसं तिथंच, बाहेर बोर्ड लागलेले असतात कोणतं नाटक कोणत्या दिवशी कोणत्या गावाले. तिकीट मंडपाच्या दारावर भेटते. सुरू व्हायले दहा तरी वाजतात, स्वेटर घ्या, खाली बसायले सतरंजी घ्या, आणि मधात झोप आली तर कोणी उठवत नाही.

खमंग_पुडाचीवडी
आणि राहायचं?

झाडीचा_माणूस
कोणाच्याही घरी. पण नंदाकाकूयचं वाचून सांगतो, येण्याच्या आधी फोन करजा. बायकोनं सांगितलं लिहायले.